पाळीपाळीनं

चंद्रपूरहून मूलकडे निघालं की लोहाऱ्याचं जंगल लागतं. श्रावणातली ओली सकाळ होती. चितळांचा कळप रस्ता ओलांडत होता, म्हणून गाडी उभी केली आणि ती थरथरायला लागली. एक झटका, मग दोन-चार ठोके सरळ, मग पुन्हा झटका. बोलता बोलता मधलाच शब्द गिळणाऱ्या माणसासारखं. शेवटचं पाडस झाडीत शिरलं, मी ॲक्सिलरेटर दाबला आणि वेग आल्याबरोबर गाडी अशी मुकाट धावू लागली की तक्रार तरी कशाची करावी?

आठवडाभर हेच सुरू होतं. आमच्याकडच्या भाषेत, गाडी मिसिंग करून राहिली होती. एका गॅरेजात चारही प्लग बदलून झाले होते. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

मूलला एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी लावली. त्यांनी स्कॅनर जोडला. पडद्यावर आलं, पी ०३००. पहिला सिलिंडर चुकत असेल तर ०३०१, दुसरा असेल तर ०३०२, असा शेवटचा आकडा गुन्हेगाराचं नाव सांगतो. नाव कळलं की मिस्त्री त्या सिलिंडरची कॉइल काढून शेजारच्याला बसवतात. दोष कॉइलसोबत तिकडे गेला, तर कॉइल खराब. जागीच राहिला, तर प्लग किंवा इंजेक्टर पाहायचा. पण शेवटी शून्य आलं म्हणजे नाव कोणाचंच नाही. कधी हा चुकतो, कधी तो.

“म्हणजे आता चारही कॉइल बदलाव्या लागतील?” मी खिसा चाचपत विचारलं.

“काऊन बदलायच्या?” ते बॉनेटमध्ये वाकले. “एकाचा दोष असता त तोच चुकला असता, सर. हे त पाळीपाळीनं चुकून राहिले. चौघं मिळून काय खातात, थे पाहू पहिले.”

उभ्या गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला १६०० वेळा आत पेट्रोल पेटतं. प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला ४०० वेळा. ठिणगी ज्याची त्याची, प्लग ज्याचा त्याचा. पण हवा सगळ्यांची एकाच वाटेने येते आणि पेट्रोलचा पंपही सगळ्यांना मिळून एकच. मिस्त्री त्या सामाईक वाटेवर बोट फिरवत गेले. इंजिनाच्या मागच्या अंगाला बोटाएवढा जाड एक रबरी पाईप होता. त्याच्या वळणावर त्यांनी अंगठा दाबला आणि थरथर थांबली. अंगठा उचलला, पुन्हा सुरू. दाबला, बंद. मला दिसावं म्हणून त्यांनी तिसऱ्यांदाही करून दाखवलं.

पाईपवर उंदराच्या दातांच्या खुणा होत्या. पावसात उंदीर ऊब शोधत बॉनेटमध्ये शिरतात, तिथे कुरतडायलाही भरपूर मिळतं. त्या भोकातून आत जाणारी हवा सेन्सरने मोजलेलीच नव्हती. कॉम्प्युटर मोजलेल्या हवेपुरतंच पेट्रोल देत होता, त्यामुळे मिश्रण पातळ होऊन ठिणगी मधूनमधून वाया जात होती. वेगात इंजिन इतकी हवा ओढतं की भोकातली हवा त्यात हिशेबातही येत नाही. गाडी उभी राहिली की तेवढीच चोरटी हवा भारी पडते.

वीतभर नवा पाईप आणि दोन क्लिपा. पाऊण तासात मी पुन्हा रस्त्यावर होतो. फेकून दिलेल्या त्या चार निरपराध प्लगांची मात्र उगाच कीव येत राहिली.

गडचिरोलीकडे जाताना सावली गावाच्या पुढे दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागल्या आणि मला आमच्याच जिल्ह्यातली काही गावं आठवली. एखाद्याचे दात पिवळे असले, तर आपण म्हणतो, हा दात घासत नसेल. पण गावच्या शाळेत रांगेने पोरं हसली आणि सगळ्यांच्याच दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे दिसले, तर ब्रश वाटून काय होणार? तिथे बोअरचं पाणी तपासावं लागतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड चालत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही बोअरमध्ये ते त्याहून जास्त सापडलेलं आहे. दात हिरडीच्या आत घडत असतानाच ते त्यांना गाठतं. पोरांचं चुकलेलं काहीच नसतं, ती फक्त एका हातपंपाचं पाणी पीत असतात.

गडचिरोलीचं काम उरकून संध्याकाळी घरी पोचलो. दारातच आवाज ऐकू आले. मुलगा बहिणीवर खेकसत होता. परवा हीच बहीण आईवर खेकसली होती. काल बायको माझ्यावर, आणि त्याआधी मी बायकोवर, तेही भाजीतल्या मिठावरून. रोज एक जण चुकत होता आणि बाकीचे तिघं त्याला शहाणपण शिकवत होते. सकाळी कामाला लागलं की सगळे नीट असायचे. संध्याकाळी घरात टेकलं की झटके सुरू.

मी चपला काढता काढता थांबलो. आमचं सामाईक काय होतं? घर एक, जेवण एक आणि गेल्या तीन आठवड्यांतल्या रात्री एक. माझी आई न्हाणीघरात पडून मांडीचं हाड मोडल्यापासून तिने रात्री नुसतं कण्हलं तरी चौघंही उठून बसत होतो. तिला पाणी एकच जण द्यायचा, जागे मात्र चौघं. तीन आठवडे या घरात कोणी सलग झोपलेलंच नव्हतं.

मुलाला मी काहीच बोललो नाही. जेवणं झाल्यावर कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, त्याच्या कोऱ्या पाठीवर सात रात्री लिहिल्या आणि प्रत्येक रात्रीपुढे एकेकाचं नाव. आजपासून पाळीपाळीनं जागायचं.