फक्त सही, सर

अनंत चतुर्दशी झाली की माझ्याकडे पेढे यायला लागतात. निकालाचे नव्हेत, निकालाच्या आधीचे. परदेशातल्या बऱ्याच बिझनेस स्कूलांची अर्जाची पहिली मुदत सप्टेंबर-ऑक्टोबरात असते, आणि फायनान्सच्या मास्टर्ससाठी अर्ज करायचा तर बहुतेक ठिकाणी एक-दोन शिफारसपत्रं लागतात. पोरं त्याला ‘एलओआर’ म्हणतात. मी कॉमर्सचा मास्तर. बत्तीस वर्षं अकाउंट्स आणि ऑडिटिंग शिकवून दीड वर्षापूर्वी निवृत्त झालो. तरी एलओआरचा हंगाम आला की माझी आठवण निघते.

परवा आलेल्या मुलीने पुडा टीपॉयवर ठेवला, पाया पडली आणि म्हणाली, “सर, ड्राफ्ट व्हॉट्सअ‍ॅप केलाय. तुम्हाला काही लिहायला लागणार नाही. मेलवर लिंक येईल, तिथे तेवढं पेस्ट करून सबमिट करा. आणि खाली फक्त सही, सर.”

चष्मा लावून ड्राफ्ट वाचला. इंग्रजी झकास होतं. त्यात मीही होतो. डेरिव्हेटिव्हज शिकवणारा, तास संपल्यावर या मुलीशी बाजारातल्या जोखमीवर तासन्‌तास चर्चा करणारा, तिच्या नेतृत्वगुणांनी भारावून गेलेला. डेरिव्हेटिव्हज मी जन्मात शिकवलेलं नाही. तास संपला की मी कॅन्टीनला जाऊन चहा पीत असे, तोही बहुधा एकटाच. असा उमदा प्राध्यापक आमच्या कॉलेजात असता तर मीच त्याच्या वर्गात जाऊन बसलो असतो.

असे ड्राफ्ट याआधी मी चिकटवले नाहीत असं नाही. मोजदाद ठेवलेली नाही, पण पन्नासाच्या घरात जातील. काही न वाचताच. एकदा तर ‘ही’च्या जागी ‘शी’ करायचं राहिलं होतं आणि एक मुलगी पत्रभर मुलगा म्हणून वावरली. तिला प्रवेश मिळाला. तेव्हा त्याचं मी हसू केलं होतं. आता वाटतं, त्या पत्राची किंमत देणाऱ्यालाही कळली होती आणि घेणाऱ्यालाही.

माझी बाजू मांडायची तर ती अशी. आमच्या एका तुकडीत एकशेवीस मुलं. ओळख म्हणजे हजेरीपटावरचा आकडा आणि पहिल्या दोन बाकांवरचे चेहरे. ही मुलगी रोल नंबर ७४, हे तिने सांगितल्यावर मला आठवलं. जिथे सेमिनारला पंधरा-वीस जण बसतात तिथल्या लोकांनी हा शिफारशीचा फॉर्म बेतलाय. विद्यार्थिनीला कधीपासून ओळखता? बरोबरीच्या मुलांत ती कुठे बसते, वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहात की पंचवीसात? आणि मग बऱ्याच फॉर्मांत तो प्रश्न येतो, ज्याच्यापाशी माझा माऊस दरवर्षी घुटमळतो: तुम्ही तिला तिची कोणती उणीव दाखवलीत, आणि ती ऐकून तिने काय केलं?

ड्राफ्टमध्ये याचंही उत्तर तयार होतं. ती फार जास्त मेहनत करते, म्हणून मी तिला विश्रांती घेण्याचा सल्ला दिला आणि तिने तो मानला. ही उणीव मी गेल्या पाच वर्षांत किमान दहा मुलांमध्ये पाहिली आहे. परदेशी प्रवेशाचे अर्ज करवून देणाऱ्या कन्सल्टंटकडे बहुधा एवढी एकच शिल्लक असावी.

अर्जातला आणखी एक रकाना मला फार आवडतो. अमेरिकेत १९७४ सालच्या एका कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला. शिफारस मोकळेपणाने लिहिली जावी म्हणून अर्जात विचारतात, हे पत्र पाहण्याचा तुझा हक्क तू सोडतेस का? मुलं ‘हो’वर खूण करतात. नाही केली तर वाईट दिसतं, असं कन्सल्टंटने बजावलेलं असतं. म्हणजे जे पत्र रात्री जागून आपणच लिहिलं, ते कधीही वाचणार नाही असं वचन द्यायचं. परमेश्वराने हा रकाना पाहिला तर तोही जरा हसेल.

कुणी म्हणेल, ड्राफ्ट मुलीने लिहिला हेच पाप. मला तसं वाटत नाही, आणि इथे माझाच विषय कामी येतो. कंपनीचा ताळेबंद कंपनीच बनवते. ऑडिटर तो तपासतो, कागद मागतो, शंका काढतो आणि मग सही करतो. मुलीने आपली बाजू लिहून आणावी, तारखा, मार्क, प्रोजेक्टचं नाव द्यावं, यात गैर काही नाही. मास्तरचं वयही झालेलं असतं, स्मरणशक्तीचा भरवसा काय. बिघडतं ते पुढच्या पायरीवर. किंग्स्टन कॉटन मिलचा १८९६ सालचा खटला मी दरवर्षी शिकवायचो. ऑडिटर हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे, असं त्यात न्यायाधीश म्हणाले होते. पोरांना हे वाक्य पाठ असायचं, पेपरात हमखास यायचं. राखणीच्या कुत्र्याने निदान जागं राहायचं असतं, हे मात्र त्यांना कधी वेगळं सांगावं लागलं नाही. मला सांगायला हवं होतं.

७ जानेवारी २००९ ला सत्यम कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं कबुलीचं पत्र बाहेर आलं तेव्हा मी स्टाफरूममध्ये होतो. कंपनीच्या पुस्तकांत रोख आणि बँकेतली शिल्लक ५,३६१ कोटी रुपये दाखवलेली, त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. बँक बॅलन्स! ऑडिटमध्ये सगळ्यात सोपी तपासणी कुठली, तर बँकेकडून थेट दाखला मागवायचा. २०१५ च्या एप्रिलमध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंबरोबर ऑडिट फर्मच्या दोघांनाही दोषी ठरवलं. पत्र बाहेर आलं तेव्हा मी वर्गात जाऊन तावातावाने बोललो होतो, सहीची किंमत वगैरे. त्याच आठवड्यात मी किती एलओआर चिकटवले होते, ते आता आठवत नाही.

बँक बॅलन्सवरून आठवलं. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी फी आणि नऊ महिन्यांपर्यंतच्या राहण्याच्या खर्चाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असल्याचं दाखवावं लागतं. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचं हवं, मामाचं चालत नाही. म्हणून मामाचे पैसे बाबांच्या खात्यात येतात, अठ्ठावीस दिवस पाहुणचार घेतात आणि एकोणतिसाव्या दिवशी परतीची गाडी पकडतात. मामा नसेल तर व्याजाने पैसे लावणारे आहेतच. गंमत अशी की याच मुलांच्या एसओपीची, म्हणजे अर्जासोबतच्या ‘मला हे का शिकायचंय’ या निबंधाची, सुरुवात हमखास लेहमन ब्रदर्सने होते. २००८ साली लेहमन बुडाली तेव्हा टीव्हीवरच्या बातम्या पाहून माझ्यात फायनान्सची ओढ निर्माण झाली, असं एकाने लिहिलं होतं. तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्या लेहमनने काय केलं होतं? ‘रिपो १०५’ नावाच्या व्यवहारांनी तिमाही संपायच्या सुमारास अब्जावधी डॉलरची मालमत्ता ताळेबंदाबाहेर पाठवायची, कर्ज कमी दाखवायचं आणि काही दिवसांनी ती परत आणायची. २००८ च्या दुसऱ्या तिमाहीत हा आकडा ५० अब्ज डॉलरच्या आसपास होता. मामाच्या पैशांची दिशा उलटी, एवढाच फरक. अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आधीच पोराचं प्रात्यक्षिक झालेलं असतं.

पण असं चुरचुरीत बोलणं सोपं आहे. खरी अडचण पुढे आहे. समजा, या वेळी मी खरं पत्र लिहिलं. ते कुणाच्या शेजारी ठेवलं जाणार? दुसऱ्या गावातला माझ्यासारखाच एक मास्तर ‘वरच्या एक टक्क्यात’वर खूण करून मोकळा झालेला असणार. कुठे तर मास्तरच्या नावाचा जीमेल कन्सल्टंटने स्वतःच उघडलेला असतो, मास्तरला पत्ताही नसतो. या गर्दीत मी ‘वरच्या पंचवीस टक्क्यांत’ म्हणालो तर प्रामाणिक ठरणार मी आणि जागा जाणार हिची. सोवळं माझं, पाणी दुसऱ्याच्या विहिरीचं. हिच्या वडिलांनी शैक्षणिक कर्जासाठी राहतं घर तारण ठेवायची तयारी केली आहे. निवृत्तीनंतर मला झालेल्या उपरतीचा हप्ता त्यांनी का भरायचा?

याचं उत्तर माझ्याकडे नाही. मागच्या पन्नास पत्रांत तो प्रश्न मी सोडवला नव्हता, पेस्ट करून झाकला होता.

मुलगी समोर बसलेली. चहा आला. मी तिला म्हटलं, “ते विश्रांतीचं राहू दे गं. मी तुला खरंच कधी काही बोललो होतो का?”

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “एफवायला, सर. बीआरएसला.”

मला काही आठवेना. तिला सगळं आठवत होतं. बँक रिकन्सिलिएशनचं गणित, कॅशबुक आणि पासबुकात १,३४० रुपयांचा फरक राहिलेला. तास संपत आला म्हणून तिने ‘बँकेचं व्याज १,३४०’ अशी एक ओळ मनाने मिळवली आणि गणित जुळवलं. मी वहीत लाल गोल करून लिहिलं होतं, ‘हे कुठून आलं?’

“मग?”

“मला रडू आलं होतं. घरी गेले. तुम्ही सांगायचा ना, फरक नऊने भागून बघा, नाहीतर निम्मा करून बघा. नऊने जाईना. निम्मा केला तर ६७०. सहाशे सत्तरचा चेक होता, दिलेला पण बँकेत न गेलेला. तो मिळवायचा, मी वजा केला होता.”

“मला दाखवलंस का नंतर?”

“नाही सर. तुम्ही पुढचा धडा घेतला होता.”

वही आहे का, विचारलं. म्हणाली, आईने रद्दीत घातली नसेल तर माळ्यावर असेल. संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो आला. लाल गोल, माझं अक्षर, आणि खाली पेन्सिलीने बारीक ‘६७० × २’.

रात्री लिंक उघडली. उणिवेच्या प्रश्नाखाली एवढंच लिहिलं, माझ्या इंग्रजीत, जे तिच्या ड्राफ्टइतकं चांगलं नाही. ‘कधीपासून ओळखता’च्या पुढे ‘तीन वर्षं, एकशेवीस विद्यार्थ्यांच्या वर्गात’ असं घातलं. डेरिव्हेटिव्हज काढून टाकलं. मग टक्क्यांच्या चौकटी आल्या. तिथे बराच वेळ गेला. बायको दोनदा झोपायला बोलावून गेली.

शेवटी एका चौकटीत खूण केली आणि सबमिट दाबलं. कुठल्या, ते तिला कळणार नाही. तिने तसं वचन दिलं आहे. पुडा अजून फ्रिजमध्ये आहे, सोडलेला नाही.