वाद मिटत नाही तेव्हा

१५२९च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या मारबुर्गच्या गढीत मार्टिन ल्यूथर आणि उलरिख झ्विंग्ली समोरासमोर बसले. हेसचा सत्ताधीश फिलिप याने ही भेट घडवून आणली होती. धर्मसुधारणेची चळवळ आतूनच फुटली तर सम्राटापुढे टिकाव लागणार नाही, हे त्याला दिसत होतं. मसुद्यातल्या पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झालं. पंधरावं कलम प्रभुभोजनाचं. त्यातही बरंच जुळलं. भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर व रक्त प्रत्यक्ष असतं का, एवढ्यावर अडलं. येशूचे त्या भोजनातले शब्द ल्यूथरने टेबलावर खडूने लिहून ठेवले होते आणि तो त्यांवरून तसूभरही हलला नाही. मतभेद कायम असला तरी, प्रत्येकाची सदसद्विवेकबुद्धी मुभा देईल तिथवर, दोन्ही बाजूंनी एकमेकांशी ख्रिस्ती प्रेमाने वागावं, असं त्याच कलमाच्या शेवटी नमूद झालं. त्याखाली सह्याही झाल्या. तरी झ्विंग्लीला भाऊ मानायला ल्यूथर अखेरपर्यंत तयार झाला नाही. युरोपातल्या ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड मंडळ्यांनी प्रभुभोजनात परस्परांना सामावून घेण्याचा व्यापक करार केला तो १९७३ साली, ल्यूएनबर्गला.

प्रेमाचा उल्लेख मारबुर्गला राहून गेला नव्हता. तो सहीशिक्क्यानिशी झाला होता. खोट होती ती मोजमापात. दुसऱ्यावर किती प्रेम करायचं, हे ज्याने त्याने आपल्याच विवेकाला विचारून ठरवायचं होतं. मग ज्याचा विवेक जितका ताठर, तितकं त्याचं प्रेम आखूड. सिद्धांतावरून वाद झाला की आजही मंडळ्यांमधून ‘प्रेमाने घ्या’ असं सांगितलं जातं, आणि ते इथेच लुळं पडतं. आवाज खाली येतो, शब्द मऊ होतात; पण समोरच्याच्या विवेकाचं काय करायचं, या प्रश्नाला कुणी हात घालत नाही.

तो प्रश्न किती अवघड आहे हे पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात दिसतं. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. नवरा आदल्या वर्षीच वारला होता, आईवडील दुष्काळाने नेले होते. परक्या देशात वाँटेजच्या अँग्लिकन भगिनींच्या मठाचाच आधार होता. त्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आध्यात्मिक माता. बाप्तिस्मा झाला म्हणून रमाबाईंचे प्रश्न संपले नाहीत. त्रैक्याचा सिद्धांत, येशूचं ईश्वरत्व, कुमारीपोटी झालेला त्याचा जन्म, यांतलं जे आपल्याला शास्त्रात स्पष्ट सापडत नाही ते केवळ चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसला. त्यांच्या लेखी नव्याने विश्वासात आलेल्या बाईने आधी आज्ञापालन शिकायला हवं होतं. पुढे मनोरमेला काय शिकवायचं यावरूनही दोघींचं वाजलं. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी इंग्रज तरुणांना भारतीय भाषा शिकवाव्यात असा विचार निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवावं का, हा काही त्रैक्याचा प्रश्न नव्हता. पण वरचा हात ज्याचा, त्याच्या सवयीही सिद्धांताच्या पंगतीला येऊन बसतात.

या वादात शांततेचा उपदेश कुणाला होत होता? मठाच्या आधारावर असलेल्या रमाबाईंना. मंडळीत आजही तेच होतं. ज्याच्या हाती व्यासपीठ, पगार किंवा सभासदांची वही असते, त्याला कुणी नम्रतेचे धडे देत नाही. प्रश्न विचारणाऱ्यालाच ‘फूट पाडू नका’ म्हणून बजावलं जातं. अशी शांतता एकाच बाजूच्या सोयीची असते.

चेल्टनहॅमच्या त्याच महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी निराळी वाट धरली. त्या स्वतः श्रद्धावान अँग्लिकन होत्या आणि रमाबाईंचं मत त्यांना पटलेलं नव्हतं. पण या बाईला ख्रिस्ती धर्म तत्त्वज्ञान म्हणून अभ्यासू दिला पाहिजे, नुसतं दटावून भागणार नाही, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी रमाबाईंच्या प्रश्नांना उत्तरं दिली आणि त्यांची उत्तरं ऐकून घेतली. पुढे रमाबाई येशूवरच्या गाढ, वैयक्तिक श्रद्धेपर्यंत पोचल्या. पण आपल्या पायांनी, आणि कोणत्याही एका पंथाची पट्टी न लावता. जेराल्डीन यांच्याही पदरी एक मोठेपणा टाकला पाहिजे. ज्या पत्रांतून रमाबाईंनी त्यांना विरोध केला, ती पत्रं त्यांनीच जपली आणि संकलित केली. १९७७ साली ती मुंबईत ग्रंथरूपाने छापली गेली, म्हणून आज आपल्याला रमाबाईंची बाजू रमाबाईंच्याच शब्दांत वाचता येते. विरोधकाचं म्हणणं न मोडता, न वाकवता टिकवणं, हेही प्रेमाचंच काम आहे.

पण सगळी भिस्त बीलबाईंसारख्या माणसांवर ठेवून भागत नाही. चांगली माणसं बदलून जातात, निवृत्त होतात. प्रेमाला नियमाचं बळ लागतं, आणि त्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. वाटाघाटी १९२९ साली लखनौला सुरू झाल्या होत्या. सर्वांत चिवट गाठ बाप्तिस्म्याची. अँग्लिकन, मेथॉडिस्ट वगैरे मंडळ्या तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत. बाप्टिस्ट, ब्रेदरन आणि डिसायपल्स यांच्या मते जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्याशिवाय बाप्तिस्म्याला अर्थ नाही. कोणता पक्ष खरा, याचा निवाडा नागपुरात झाला नाही. दोन्ही रीती मान्य झाल्या. बाळाला बाप्तिस्मा मिळो की नुसता आशीर्वाद, पूर्ण सभासदत्वासाठी बाप्तिस्मा आणि जाणतेपणीची कबुली दोन्ही आवश्यक ठरली. एखाद्या पाळकाच्या विवेकाला बालबाप्तिस्मा पटत नसेल, तर त्याच्यावर सक्ती नाही. मात्र त्याने त्या कुटुंबासाठी दुसऱ्या पाळकाला बोलवायचं.

मारबुर्गला विवेकाने प्रेमाला कुंपण घातलं होतं. नागपूरच्या नियमात प्रेम विवेकाची सोय पाहतं. पाळकाचा विवेक शाबूत राहतो आणि त्याची झळ आईबापांना बसत नाही. ज्याला नकार द्यायचा आहे, त्यानेच दुसऱ्यासाठी दार उघडायचं आहे. मतभेद जिवंत ठेवूनही एका मंडळीत नांदता येतं, ते अशा रोखठोक तरतुदींमुळे. त्यात दुबळेपण नाही असं नाही. न सोडवलेला प्रश्न धुमसत राहू शकतो, आणि मेथॉडिस्टांची एक मोठी शाखा शेवटच्या टप्प्यावर बाहेरच राहिली. पण तिला ओढून आत घेतलं असतं, तर एकीचा दावाच पोकळ ठरला असता.

यावर एक रास्त आक्षेप येतो: सगळंच असं चालवून घ्यायचं, तर सत्य कशाशी खायचं? पौलाकडे याचं उत्तर आहे, आणि ते दुहेरी आहे. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात तो खाण्यापिण्यावरून आणि सणवारांवरून भांडणाऱ्यांना एकमेकांना दोषी न ठरवता सामावून घ्यायला सांगतो. तोच पौल अंत्युखियात पेत्राला चारचौघांत खडसावतो, हे गलतीकरांस पत्रात आहे. कारण पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठून गेला होता. पहिल्या ठिकाणी माणूस आपला विवेक आपल्यापुरता पाळतो, दुसऱ्या ठिकाणी त्याच्या वागण्याने भाऊ मेजावरून दुरावतो. पहिल्याला सांभाळून घ्यावं, दुसऱ्याला अडवावं.

मराठी मंडळ्यांमध्ये आज बाप्तिस्म्यावरूनच घरं दुभंगतात. बालपणी बाप्तिस्मा झालेला मुलगा एखाद्या नव्या सहवासात जाऊन बुडवून बाप्तिस्मा घेतो. आईबापांना वाटतं, आपली श्रद्धा याने खोटी ठरवली. आणि दोन्हीकडचे पाळक आपापल्या माणसांना हवा देतात. कोणता बाप्तिस्मा शास्त्राला धरून, यावर जरूर वाद व्हावा, शास्त्र उघडून, नेटाने व्हावा. पण त्याआधी आईच्या दफनाला तो मुलगा कुटुंबात उभा राहील का, आणि नातवाच्या आशीर्वादाला आजोबांना बोलावणं जाईल का, हे ठरवून घ्यावं. सिद्धांतात कोण बरोबर होता ते कदाचित आपल्या हयातीत ठरणार नाही. या गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत, आणि आपल्या प्रेमाचा हिशेब त्यांवरूनच होणार आहे.