अवेळी फुललेली कुंडी

कुंडीतलं झाड अवेळी फुललं की लोकांना मोठा बोध होतो. ‘बघा, हालातच खरं फूल उमलतं.’ हा बोध आपल्याला लई वेळा पाजला गेलाय. म्हणून मी म्हणतो, आधी झाड तपासू, मग बोध घेऊ.

शेवंती घ्या. ती पंचांग बघत नाही, रात्र मोजते. रात्र लांबली की कळी धरते. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दिवसाच्या लांबीचा आणि फुलण्याचा हा संबंध मांडला. आज फूलवाले रात्री बल्ब लावून तिचा बहर लांबवतात, काळं कापड टाकून लवकर आणतात. म्हणजे अवेळ झाडाची नसतेच. बटण कुणाच्या तरी हातात असतं.

आता बोगनवेल. पाणी तोडलं की ती रंगाने पेटते. विदर्भातला संत्रेवाला बागेत हेच करतो. त्याला ताण देणं म्हणतात. मृग बहारासाठी उन्हाळ्यात, आंबिया बहारासाठी हिवाळ्यात. बोध सांगणारे इथेच थांबतात. पुढचं मी सांगतो. ताणाआधी झाडाने पोटात अन्न साठवलेलं असतं. ताणाचे दिवस मोजलेले असतात, हलक्या जमिनीत कमी, भारी जमिनीत जास्त. आणि शेवटी खत घालून पाणी सोडावंच लागतं. नाही सोडलं तर झाडाचं सरपण होतं.

मग ज्यांचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या तोडलं, त्यांना ‘हालातून माणूस घडतो’ हे कुठल्या तोंडाने सांगता? शाळेत शिपाई नसला की लहानग्या बाबासाहेबांना पाणी मिळत नसे. त्या तहानेने त्यांना कोलंबियाला पोचवलं नाही. १९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा बोटीत पाय ठेवता आला. तहानेतून त्यांना पाण्याचा अर्थ कळला, हे खरं. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर तो जगाला दिसला. पण ते श्रेय तहानलेल्याचं. तहान लादणाऱ्याला त्यातला थेंबही मिळायचा नाही.

मग अवेळी फुललेल्याला हिणवायचं का? मुळीच नाही. फूल ते फूलच. फक्त एका कुंडीवरून ऋतू आला म्हणू नका.

दोस्तहो, वस्तीतलं एखादं पोर फुललं तर हार जरूर घाला. त्याच दिवशी बाकीच्या कुंड्याही बघा, आणि नळ कुणाच्या हातात आहे ते विचारा.