न्यायासन आणि पक्षकार

न्यायबुद्धी ही मनुष्याच्या अंगी असते, की तो ज्या आसनावर बसतो त्या आसनाच्या ठिकाणी? एल्बर्ट गॅरी या अमेरिकन गृहस्थांचे चरित्र पाहताना हा प्रश्न आमच्या मनात उभा राहतो. इलिनॉय संस्थानात १८४६ साली जन्मलेले गॅरी प्रथम वकील व मग जिल्ह्याचे न्यायाधीश झाले. पुढे ते पोलादाच्या धंद्यात शिरले. १९०१ साली १४० कोटी डॉलर भांडवलाची युनायटेड स्टेट्स स्टील कंपनी निघाली, तिच्या कारभारात त्यांना अग्रस्थान मिळाले, आणि १९२७ साली मृत्यू येईपर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. न्यायासन सुटले, तरी ‘जज्ज गॅरी’ हे नाव जन्मभर टिकले.

हे नाव अगदीच पोकळ होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. कंपनीचे हिशेब त्यांनी भागीदारांपुढे उघड मांडले. कामगारांनाही भाग विकत घेण्याची सोय केली. प्रतिस्पर्धी कारखानदारांना १९०७ पासून जेवणास बोलावून त्यांच्याशी सामोपचाराची बोलणी केली. परंतु भट्टीपुढे बारा बारा तास राबणाऱ्या मजुरांच्या संघांनी १९१९ साली भेट मागितली, तेव्हा हे संघ आमच्या कामगारांचे प्रतिनिधीच नव्हेत, असे म्हणून त्यांनी ती नाकारली. मोठा संप झाला आणि १९२० च्या जानेवारीत तो मोडला. त्याच वर्षी, मक्तेदारीच्या आरोपावरून सरकारने १९११ साली कंपनीवर केलेल्या दाव्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने दिला. कंपनीचे म्हणणे नऊ वर्षे ऐकून घेतले गेले. मजुरांच्या वाट्यास एक भेटही आली नाही!

गॅरी निर्दय होते असे आम्हांस वाटत नाही. परंतु दया ही देणाराच्या मर्जीवर चालते. न्यायास दुसऱ्याचे ऐकणे भागच पडते. न्यायाधीश असताना गॅरी तिऱ्हाईत होते. कारखान्यात ते स्वतःच पक्षकार होते आणि निकालही त्यांचाच होता. असल्या निकालाची किंमत लौकरच दिसून आली. बारा तासांची पाळी तूर्त बंद करणे शक्य नाही, असे त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९२३ च्या मे महिन्यात सांगितले. लोकमताचा व राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांचा रेटा वाढताच ऑगस्टमध्ये ती बंद होऊ लागली.

वाचकहो, पोलादाचा कारखाना आपणांपैकी फार थोड्यांच्या हाती असेल. पण घरातील गडी, शाळेतील पोर, हाताखालचा कारकून यांच्या बाबतीत आपण सारेच एकाच वेळी पक्षकार आणि न्यायाधीश असतो. तेथे आपण निकालापूर्वी कोणाचे ऐकून घेतो, यावरूनच आपली न्यायबुद्धी ओळखावी.