मंगळावरचे बिऱ्हाड

सदेह स्वर्गात जाण्याची हौस त्रिशंकूला झाली आणि विश्वामित्रांच्या तपोबलावर तो निघालाही. इंद्राने त्याला वरून लोटले, विश्वामित्रांनी खालून थोपवले आणि बिचारा राजा मध्येच लटकून राहिला. आपल्या सीमाभागात हे नाव पुराणातून कमी आणि भाषणांतून अधिक कानी पडते. १ नोव्हेंबर १९५६ पासूनची आपली अवस्था सांगताना वक्त्यांना दुसरी उपमा सहसा सुचत नाही. पण या उपमेत एक गोम आहे. त्रिशंकू अधांतरी राहिला तो स्वतःच्या हौसेपायी. त्या अधांतरी जागी त्याला मूल झाले असते, तर त्या मुलाची तक्रार कुणी ऐकायची?

हा प्रश्न आता केवळ पुराणातला राहिलेला नाही. ‘मार्स वन’ नावाच्या एका डच उपक्रमाने २०१२ साली मंगळावर कायमची मानवी वस्ती करण्याची घोषणा केली आणि २०१३ मध्ये जगभरातून अर्ज मागवले. अट साधी होती. वय अठराच्या पुढे हवे आणि परत येण्याची आशा सोडायला हवी. तिकीट एकेरी होते. तरीही लोक पुढे आले. ते कसलेले अंतराळवीर नव्हते, तुमच्याआमच्यासारखी माणसे होती. २०१५ च्या फेब्रुवारीत निवडलेल्या शंभर जणांच्या यादीत तीन भारतीयही होते. पुढे त्या उपक्रमाजवळ ना यान, ना पैसा. २०१९ साली स्वित्झर्लंडमधील न्यायालयाने त्याची कंपनी दिवाळखोर ठरवली आणि सारेच संपले. वर्तमानपत्रे हसली. मला मात्र हसू आले नाही. योजना फसवी असेल, पण अर्ज भरणाऱ्याची इच्छा खरी होती.

ही इच्छा येते तरी कुठून? मंगळावर सुखसोयी आहेत म्हणावे, तर तेथील वातावरण पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ, आणि तेही बहुतांशी कर्बवायूचे. सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. इथून हाक मारली तर ती पोहोचायला, ग्रह कुठे आहेत त्यानुसार, तीन ते बावीस मिनिटे लागतात. उत्तर यायला पुन्हा तेवढीच. दुरून डोंगर साजरे म्हणतात. हा डोंगर तर दुरूनही साजरा नाही. तेव्हा जाणारा माणूस तिथल्या कशासाठी निघतो, यापेक्षा तो इथल्या कशापासून निघतो, हे पाहायला हवे.

आमच्या शाळेतील नववीच्या एका मुलीने मला याचे उत्तर दिले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रयान-३ चंद्रावर उतरले, त्यानंतरचे ते दिवस होते. ‘मला कुठे राहायला आवडेल’ या निबंधात बाकीच्यांनी पुणे, बेंगळुरू, अमेरिका लिहिले. हिने मंगळ लिहिले. निबंध वर्गात वाचला तेव्हा हशा पिकला. मुलीची आई घरी विड्या वळते. तिने दिलेले कारण मात्र हसण्यासारखे नव्हते. तिथे गेल्यावर तुम्ही इकडचे की तिकडचे, असे कुणी विचारणार नाही, असे तिने लिहिले होते. मी तिला म्हणालो, “आईला विचारलंस का गं?” ती म्हणाली, “विचारलं सर. जा म्हणाली. पण दिवाळीला येत जा म्हणाली.”

मुलीचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने अर्धे बरोबर आहे. १९६७ साली राष्ट्राराष्ट्रांत बाह्य अंतराळाविषयीचा करार झाला. भारतही त्यात सामील आहे. चंद्र वा अन्य कोणताही ग्रह कुठल्याही राष्ट्राला आपला म्हणून सांगता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याच १९६७ च्या ऑगस्टमध्ये महाजन आयोगाने आपल्या गावांच्या वाटणीचा अहवाल सादर केला. महाराष्ट्राने तो नाकारला, तेव्हाच्या म्हैसूर राज्याने तो उचलून धरला, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा चालू आहे. एकाच वर्षी माणसाने कोट्यवधी किलोमीटरवरची जमीन सर्वांची म्हणून मोकळी ठेवली आणि निपाणी-खानापूरची कुणाची, यावर मात्र त्याचे एकमत होऊ शकले नाही! पण त्याच करारात आणखी एक कलम आहे. यान ज्या देशाच्या दप्तरी नोंदलेले असेल, त्या यानावर आणि त्यातील माणसांवर त्याच देशाचा अधिकार चालेल. म्हणजे मंगळाची माती कुणाची नाही, पण दाराच्या आत पाऊल टाकले की सरकार आलेच. पळसाला पाने तीनच.

असो. खरा नैतिक पेच याच्या पुढे आहे. सज्ञान माणसाने स्वतःच्या जिवाचा सौदा करावा. त्याला अडवणारे आपण कोण? पण वस्ती एकट्याची नसते. वस्ती म्हटली की लेकरे आली. त्या लेकरांना कुणीही विचारलेले नसेल. आपण सीमाभागातली माणसे हे दुःख इतरांपेक्षा अधिक ओळखतो. १९५६ नंतर जन्मलेल्या आपल्यापैकी कुणाला कुणी विचारले होते? रेघ आधी ओढली गेली आणि तिच्यावर आपला पाळणा टांगला गेला. न विचारता दिलेल्या घरात राहणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने दुसऱ्याला असे घर देताना दहादा विचार करायला हवा.

यावर कुणी म्हणेल, गुरुजी, असे म्हटले तर कुणी गावच सोडायचे नाही! प्रत्येक आईबाप मुलांना न विचारताच त्यांचे घर ठरवतात. आक्षेप रास्त आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजूर म्हणून कितीतरी मराठी माणसे मॉरिशसला गेली. त्यांची नातवंडे-पतवंडे तिथलीच झाली. तिथल्या शाळांतून आजही मराठी शिकवले जाते. १९४८ नंतर बेने इस्रायली कुटुंबे कोकण-मुंबई सोडून इस्रायलला गेली आणि तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. या स्थलांतरांना मी अनीती म्हणणार नाही. कारण त्या मुलांना हवा विकत घ्यावी लागली नाही, आणि वाटले तर बोटीत बसून आजोबांचे गाव पाहता आले. निर्णय त्यांच्या वतीने झाला खरा, पण तो त्यांना बदलता येण्याजोगा होता.

मंगळावर जन्मलेल्याचे तसे नाही. तिथले गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के. अंतराळात राहून हाडे आणि स्नायू कसे झिजतात, हे आपण ऐकतो. सुनीता विल्यम्स आठवडाभरासाठी २०२४ च्या जूनमध्ये गेल्या आणि २०२५ च्या मार्चमध्ये, नऊ महिन्यांनी परतल्या, तेव्हा त्यांना स्ट्रेचरवरून नेल्याचे सर्वांनी पाहिले. त्यांच्या शरीराने निदान आधी पृथ्वी पेलली होती. तिकडेच वाढलेल्या देहाला इथला भार सोसेल, अशी हमी आज कुणीही देऊ शकत नाही. म्हणजे त्या मुलाला उद्या आपला निर्णय घ्यायचा म्हटले, तरी त्याचे हाडच आड येईल.

मला यातून एक माप सापडते. दुसऱ्याच्या वतीने घेतलेला निर्णय किती न्याय्य, तर त्याने परतीची वाट जितकी मोकळी ठेवली तितका. तंबाखूच्या पेठेतल्या त्या माउलीने नीतिशास्त्र वाचले नव्हते, पण लेकीला तिने अट घातली ती नेमकी हीच. मंगळाचे वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचे, तेव्हा तिकडच्या हिशेबाने दिवाळी जवळजवळ दोन वर्षांनी येईल, हा भाग निराळा! मंगळावर माणसाने जरूर जावे, पाहून यावे, शिकून यावे. बिऱ्हाड मांडायचे ते परतीचे यान दारात उभे राहू लागेल तेव्हा.

आणि हे माप आपल्या घरीही लावता येईल. दर जूनला पालक माझ्यासमोर बसतात: कुणी मूल कन्नड शाळेत घालतो, कुणी इंग्रजीत, कुणी मराठीत. प्रत्येकाची अडचण खरी असते. मी कुणाला दोष देत नाही. एवढेच म्हणतो की कन्नड मुलाला चांगले येऊ द्या, ती त्याच्या शेजाऱ्याची भाषा आहे. इंग्रजीही येऊ द्या. पण घरात मराठी बोला, त्याला ती वाचता येऊ द्या. मोठेपणी तो कुठे राहील, हे त्याचे त्याने ठरवावे. मात्र त्या दिवशी आजीचे जुने पत्र हाती आले, तर ते कुणाकडून तरी वाचून घेण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.