चि. ग्रोगू यास अनेक आशीर्वाद

पन्नाशी हे काही बाळसं धरण्याचं वय नव्हे. पन्नाशीत माणसाची डोळ्यांवरची चाळिशीसुद्धा जुनी झालेली असते, रक्तदाबाच्या गोळीशी त्याचं सूत जमलेलं असतं आणि 'आपण अजून तरुण आहोत' असं तो चारचौघांत सांगू लागलेला असतो. (खरे तरुण हे कधीच सांगत नाहीत.) पण २०१९ साली सुरू झालेल्या 'द मँडलोरियन' या अमेरिकन मालिकेत ५० वर्षांचा एक इसम चक्क पाळण्यात सापडतो. त्याला पकडायला दिन जारिन नावाचा एक चिलखतधारी माणूस निघालेला असतो. माणसं पकडून देण्यावरच त्याचं पोट. सावजाची माहिती म्हणून त्याला वय तेवढं सांगितलेलं : वर्षं ५०. बिचारा हत्यारं परजून आत शिरतो, तर समोर टपोऱ्या डोळ्यांचं, लांब कानांचं, हिरवं पोर त्याच्याकडे इवलासा हात पुढे करतं.

हा ग्रोगू. 'स्टार वॉर्स'च्या चित्रपटांतला योडा नावाचा जो म्हातारा गुरू आहे, त्याच्या जातीचा. ही जात कोणती, ते कर्त्यांनी आजवर सांगितलेलं नाही. योडाला आडनावही नाही. आडनावावरून जात काढणाऱ्या आपल्या मंडळींची इथे मोठीच पंचाईत.

हा योडा १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये ९०० वर्षांचा होऊन अंथरुणावर शांतपणे जातो. आता असलं काही कळलं, की मला लगेच हिशेब मांडायची खोड. ९०० म्हणजे आपली नव्वद धरू, दहास एक. या दराने ग्रोगू पाच वर्षांचा, म्हणजे शाळेत घालण्याजोगा. पण तो बोलत नाही, यानातल्या दांड्याचा चकचकीत गोळा काढून तोंडात घालतो आणि लक्ष नसलं की अख्खा बेडूक गिळतो. ही लक्षणं फार तर दीड वर्षाची. बरं, १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये योडा सांगतो, की आपण ८०० वर्षं जेडायांना शिकवत आलो. म्हणजे शंभराव्या वर्षी, आपल्या दराने दहाव्या वर्षी, हा मास्तर झाला! पन्नास ते शंभर एवढ्यातच बोलणं, शिक्षण, तारुण्य, नोकरी सगळं उरकायचं, आणि पुढे ८०० वर्षं मास्तरकी. बालपण लांब, म्हातारपण त्याहून लांब, आणि मधलं तारुण्य म्हणजे एस. टी. चहाला थांबते तेवढं.

तेव्हा वर्षांच्या हिशेबात काही राम नाही. वय मोजायची आपली मराठी रीत याहून पक्की होती. ती म्हणजे पत्राचा मायना. वडिलांच्या पत्रात आपण 'चि.', मुलाच्या पत्रात 'ती.', परक्याच्या पत्रात 'श्री.'. ही तिन्ही पत्रं एकाच टपालाने आली, तर माणूस एकाच सकाळी लहान, मोठा आणि मधला असायचा. वय आपल्या अंगात नसतंच मुळी. पत्र कोण लिहितंय यावर ते ठरतं.

या मापाने पाहिलं तर योडाचं म्हातारपण त्याच्या सुरकुत्यांत नाही. त्याला 'चि.' लिहिणारं कुणी असलंच, तर ते कित्येक शतकांपूर्वी गेलं. तेव्हापासून जो भेटतो तो पायाशीच बसतो. 'चिरंजीव हो' या आशीर्वादातली गोम ही अशी आहे. आशीर्वाद खरा झाला, की पहिला जातो तो 'चि.'च! आपल्या पुराणांना हे ठाऊक असावं. अश्वत्थामा सात चिरंजीवांतला एक खरा, पण त्याचं युगानुयुगं भटकत राहणं वर म्हणून सांगितलेलं नाही, शाप म्हणूनच सांगितलंय.

आईचं शेवटचं अंतर्देशीय पत्र मला आलं, तेव्हा मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. 'चि. बाळ यास' असा मायना आणि खाली 'रात्री दही खात जाऊ नकोस' ही ताकीद. त्यानंतर मला 'श्री.' म्हणणारी बँक राहिली, 'आदरणीय' म्हणणारी सोसायटी राहिली, 'ती.' म्हणणारे भाचे राहिले. 'चि.' म्हणणारं कुणी राहिलं नाही. माझे गुडघे त्याच्या बरेच आधीपासून दुखतात, पण म्हातारपण त्या वर्षापासूनचं.

ग्रोगूची गोष्ट मला लागते ती इथे. जेडायांच्या मंदिरात त्याला अनेक गुरूंनी शिकवलं. मंदिर उद्ध्वस्त झालं, गुरू गेले, आणि हा अजून पाळण्यातच! आपल्यावर म्हातारपणी येतं ते त्याच्यावर दुपट्यात आलं. अशा पोराला दिन जारिन आधी ठरल्याप्रमाणे पकडून देतो, मग राहवत नाही म्हणून सोडवून आणतो, आणि २०२३ मध्ये रीतसर दत्तक घेऊन आपलं नाव लावतो.

आता एखाद्या विमा एजंटाला विचारा. तो म्हणेल, साफ आतबट्ट्याचा व्यवहार. बाप साधा माणूस, माणसाएवढंच जगणार. त्याच्या डोळ्यांदेखत या पोराला मिसरूड फुटायची लक्षणं नाहीत. म्हातारपणची काठी म्हणावी, तर काठीच अजून रांगतेय. आणि बाप गेल्यावर पोराचं कोण, हा प्रश्न आहेच. ज्यांच्या घरात कधीच मोठं न होणारं मूल आहे, ते आईबाप तर हा प्रश्न रोज उशाशी घेऊन झोपतात. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण म्हणून त्यांनी मूल जवळ घ्यायचं थांबवलेलं नाही.

कारण 'चि.' हा शब्द मुळात मर्त्य माणसानेच लिहायचा आहे. 'मी नसेन, तू राहा' एवढाच त्याचा अर्थ. तो स्वतःच्या नावामागे कुणी लावत नाही. लग्नपत्रिकेत टक्कल पडलेल्या नवरदेवालाही तो लागतो, कारण पत्रिका बापाच्या नावाने निघते. दीर्घायुष्य आपलं आपण मागायचं नसतं. दुसऱ्याला लिहून द्यायचं असतं.

तेव्हा कुणाला 'चि.' लिहायचं राहून गेलं असेल, तर आजच लिहून टाकावं. ज्याला लिहायचं, तो एक वेळ नऊशे वर्षं थांबेल. लिहिणाऱ्याला तेवढी सवड नसते.