कामावर असलेली इमारत

ताजमहाल हॉटेलचा फोटो काढताना लोक चौकट अशी सरकवतात, की शेजारचा टॉवर तिच्याबाहेर राहावा. १९०३ सालचा घुमट हवा असतो. १९७०च्या दशकात त्याला खेटून उभी राहिलेली उंच इमारत नको असते. वास्तुकलेच्या मासिकांत नेमकं उलट घडतं. तिथं नवी इमारत ठेवून भोवतालचं जुनं शहर कापलेलं असतं. वायरी नाहीत, फेरीवाला नाही, शेजारची गळकी चाळ नाही, गॅलरीत वाळणारा टॉवेलसुद्धा नाही. दोन्ही फोटोंमागे समजूत एकच आहे: इमारतीचा खरा क्षण एकच, ती बांधून झाली तो, आणि त्यानंतर जे जे घडलं ती तिच्यावर चढलेली घाण. निदान मुंबईपुरती तरी ही समजूत मला साफ चुकीची वाटते. इथली आधुनिक इमारत समुद्राशी, पावसाशी आणि माणसांशी रोज झुंजत असते. ती कामावर असताना तिचा फोटो काढला पाहिजे.

ओव्हल मैदानापासून सुरुवात करू. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, म्हणजे १८७०च्या दशकातलं दगडी गॉथिक. पश्चिमेला १९३०च्या दशकातली आर्ट डेको घरांची रांग. २०१८ साली युनेस्कोनं या दोन्हींना मिळून जागतिक वारसा म्हटलं, आणि ते ‘मिळून’ फार महत्त्वाचं आहे. गंमत अशी की हे दोघं एका चौकटीत सहज मावत नाहीत, कारण ते एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत. सकाळचं ऊन डेको घरांच्या तोंडावर येतं, तेव्हा राजाबाई टॉवर सावलीत असतो. संध्याकाळी नेमकं उलट. मैदानाच्या मधोमध उभ्या माणसाला एकदा इकडे, एकदा तिकडे वळावं लागतं. एकाच्या काचेत दुसऱ्याचं प्रतिबिंब पकडून ‘जुनं आणि नवं’ दाखवण्याची जी हुकमी युक्ती आहे, तिची इथं गरज नाही. सकाळ आणि संध्याकाळ असे दोन फोटो शेजारीशेजारी ठेवले, की दोन काळ एकमेकांशी बोलू लागतात.

मरीन ड्राइव्हला हे ऊन आणखी कठोर आहे. समुद्र पश्चिमेला, म्हणून सकाळभर इमारतींची तोंडं काळवंडलेली आणि दुपार कलली की एकदम उजळलेली. थंडीतल्या संध्याकाळी फोटो काढणाऱ्यांची कठड्यावर गर्दी होते. पिवळं ऊन, गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या, खिडक्यांवर भुवयांसारखे आडवे छज्जे. फोटो सुंदर येतात, पण त्यांत छज्जा केवळ नक्षी म्हणून दिसतो. तो तिथं का आहे, हे कळायला जुलै हवा. कुलाब्याला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर स्वार होऊन थेट या खिडक्यांवर येतो. त्या वेळी छज्ज्याच्या कडेवरून पाण्याची सलग झालर सुटते आणि तिच्यामागे एखादी खिडकी अर्धी उघडी असते. घरात हवा येते आहे, पाणी येत नाही. वास्तुकारानं कागदावर ओढलेली रेघ कशासाठी होती, ते त्या एका फोटोत दिसतं. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकलेला असतो. म्हणजे एरवी माध्यान्ही सावलीत राहणाऱ्या उत्तरेकडच्या भिंतींनाही, ढग फाटलाच तर, ऊन मिळतं. उन्हाचे हे हिशेब युरोपातल्या पुस्तकांत सापडणार नाहीत.

असे छज्जे काढणाऱ्यांतलं एक मोठं नाव म्हणजे गजानन बाबुराव म्हात्रे. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचा सूना महाल त्यांचा, ओव्हलवरचं एम्प्रेस कोर्टही त्यांचं. वास्तुकार कामू अय्यर यांनी २००० साली त्यांच्या कामावर पुस्तक काढलं. तरीही सुशिक्षित मराठी घरांत म्हात्र्यांचं नाव विचारलं तर शिल्पकार म्हात्रेच आठवतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. या इमारतींचे लाखो फोटो रोज निघतात, पण त्यांच्याखाली वास्तुकाराचं नाव क्वचितच असतं. सिनेमाच्या पोस्टरवर दिग्दर्शक हवा, मग इमारतीनं काय घोडं मारलंय?

थोडं तंत्राविषयी. फोर्टातल्या न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या इमारतीवर न. ग. पानसऱ्यांनी घडवलेल्या कष्टकऱ्यांच्या उंच आकृती आहेत. रस्ता अरुंद, मागे सरकायला जागा नाही. कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि सगळी इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. पूर्वी भात्याच्या कॅमेऱ्यात भिंग वर सरकवून हे सरळ करत. आता शिफ्ट लेन्स आहे, नाहीतर संगणक. रेषा सरळ कराव्यात, त्या आकृतींचा मान राखावा, असं माझं मत. पण त्याच संगणकानं वायरी, ए.सी.चे डबे आणि भिंतीवरचे गंजाचे ओघळ पुसू नयेत. खाऱ्या हवेतला क्षार काँक्रीटमध्ये झिरपतो, आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर येते. तो ओघळ म्हणजे समुद्रानं भिंतीवर केलेली नोंद आहे. बांबूची परांची आणि निळी ताडपत्री दिसली की फोटोग्राफर परत फिरतात. मी म्हणेन, थांबा. दुरुस्ती हाही इमारतीच्या आयुष्याचाच भाग आहे.

पेडर रोडजवळच्या ‘कांचनजंगा’चं उदाहरण यापेक्षा बोलकं आहे. चार्ल्स कोरिआंची ही ८४ मीटर उंच इमारत १९८३ साली पूर्ण झाली. मुंबईत वारा पश्चिमेचा, समुद्रही पश्चिमेला. पण तापलेलं ऊन आणि पावसाचे सपकारे तिकडूनच येतात. कोरिआंनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून आकाशात नेला: कोपऱ्यात दोन मजले उंचीच्या, आतून रंगीत अशा खोल गच्च्या. जगभरच्या पुस्तकांत तिचा जो फोटो छापला जातो, त्यात ती मोकळ्या आकाशात एकटी उभी आहे. आज तो फोटो काढताच येत नाही. भोवती तिच्याहून कितीतरी उंच टॉवर आले. म्हणून विद्यार्थी जुनाच फोटो पुन्हा वापरतात आणि प्रत्यक्ष पाहायला गेले की हिरमुसतात. खरं तर आजचा गर्दीतला फोटो जास्त शिकवतो: मागच्या सपाट काचेच्या भिंतींसमोर त्या खोल गच्चीची सावली ठेवा, आणि हवामानाचा विचार करणं म्हणजे काय, हे व्याख्यानाशिवाय समजेल.

अडचणी आहेतच. इमारतीचा फोटो काढणं, छापणं यानं वास्तुकाराच्या हक्काचा भंग होत नाही, अशी स्पष्ट मोकळीक १९५७च्या कॉपीराइट कायद्यात आहे. पण ट्रायपॉड उघडला की वॉचमन येतो. मोबाइलनं हजार फोटो काढा, कोणी हटकत नाही. नीट उभं राहून, वेळ घेऊन एक काढायचा म्हटलं की संशय येतो. यावर मला सापडलेला उपाय जुनाच आहे: आधी वर जाऊन एखाद्या घरात चहा घ्यावा, घरातल्या आजींना दोन प्रश्न विचारावेत. पाऊस कुठल्या खिडकीतून येतो, हे कुठल्याही नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. आतून दिसणारा समुद्रही मग चौकटीत येतो.

शिवाजी पार्कला तर हे आताच करायला हवं. तोही समुद्राकाठ, तिथंही तीसच्या-चाळीसच्या दशकांतली डेको घरं, आणि त्यांत पिढ्यानपिढ्या मराठी कुटुंबं. ओव्हल-मरीन ड्राइव्हसारखं युनेस्कोचं कवच मात्र त्यांना नाही, आणि पुनर्विकासाच्या पाट्या एकामागून एक लागताहेत. पाडणं चूक की बरोबर, हा वेगळा वाद आहे. गळक्या छताखाली राहणाऱ्याला मी वारशाचे धडे देणार नाही. पण सोसायटीनं करारावर सही करण्याआधी एका पावसाळी दुपारी कॅमेरा घेऊन जिन्यात उभं राहता येतं. मोझेकची लादी, कठड्याची लोखंडी वळणं, दारावरचं उठावाच्या अक्षरांतलं घराचं नाव, जिन्याच्या खिडकीतून येणारा उजेड, आणि चपला काढून वर जाणारी माणसं, हे सगळं घ्यावं. फोटोखाली तारीख, वेळ आणि वास्तुकाराचं नाव लिहावं, आणि एक प्रत सोसायटीच्या दप्तरात ठेवावी.